निगेचं घर : मराठी वाड्याची बांधणी आणि त्याचं आयुष्य



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांचा मी विद्यार्थी. त्यांच्यासोबत टेपचं एक टोक धरून मी पहिला वाडा मोजला तेव्हा विशीत होतो. दिंडीतून आत गेलं की आम्ही मुलं मालकांना विचारायचो, ''वाडा कधीचा?'' कुणी दोनशे वर्षं सांगे, कुणी अडीचशे. सर ते वहीत टिपून घेत आणि मग स्वतःचा प्रश्न विचारत : ''छप्पर शेवटचं कधी शाकारलं?'' त्याच्या उत्तरावरून आत काय सापडणार, कुठली तुळई कुजली असणार, कुठल्या भिंतीला पोट आलं असणार, याचा अंदाज ते चौकात उभ्या उभ्या बांधत. तो अंदाज चुकलेला मी फार थोड्या वेळा पाहिला.

आज मला जे सांगायचं आहे ते सरांच्या त्या एका प्रश्नातून निघतं. वाडा एकदा बांधून संपत नाही. तो दरवर्षी थोडा थोडा पुन्हा बांधला जातो, आणि ज्यांनी तो पहिल्यांदा उभा केला त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या लाकडात, मातीत, चुन्यात पुढच्या पिढ्यांच्या निगेची सोय करून ठेवलेली आहे. ती निगा का थांबली आणि पुन्हा कशी सुरू करायची, हा आजचा विषय.

खण

पुण्याच्या पेठेतल्या किंवा वाई-साताऱ्याच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, तुमचं घर केवढं? तो खणांत सांगेल. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचं. कपाटाच्या कप्प्याला आपण खण म्हणतो, चोळीच्या कापडालाही खण म्हणतो. घराचा खणही तसाच, मोजून पुरेल एवढा तुकडा. खोली दोन खणांची, ओसरी पाच खणांची. घरात माणसं वाढली की खण वाढवायचे, भावाभावांत वाटणी झाली की खण मोजून घ्यायचे. आराखडा कागदावर काढण्याची गरज सुताराला फारशी पडत नसे. खण ठरला की खांबांची जागा ठरली, खांबांची जागा ठरली की घर ठरलं.

हे खांब जमिनीत पुरत नाहीत. घडीव दगडांचं जोतं बांधायचं, जोत्यावर दगडी तळखडा ठेवायचा आणि तळखड्यावर सागवानी खांब उभा करायचा. जमिनीची ओल त्यामुळे लाकडात चढत नाही आणि वाळवीची वाटही अडते. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. हा झाला कडीपाट. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला त्याच मापाचं भोक पाडायचं, दोन्ही एकमेकांत बसवून वरून पाचर ठोकायची. मुख्य सांध्यांचा भार लोखंडी खिळ्यावर टाकलेला नसतो.

आता यातली सोय बघा. खांबाचा खालचा हातभर भाग किडला तर तेवढाच कापून तिथे नवा तुकडा सांधता येतो. एक कडी मोडली तर ती एकटी काढून दुसरी सरकवता येते. छपराचा भार सांगाड्यावर असतो, म्हणून खांबांमधली विटांची किंवा मातीची भिंत उतरवून छप्पर जागेवर ठेवूनच पुन्हा उभी करता येते. एक भाग काढताना सगळं घर मोकळं करावं लागत नाही. असं घर ज्याने कल्पिलं, त्याने घर मोडण्याचा दिवस आधीच मनात धरला होता आणि त्या दिवशी येणाऱ्या सुताराचं काम सोपं करून ठेवलं होतं.

माती, चुना, पाणी

जोतं दगडाचं, त्यावर चपट्या विटा आणि वर जावं तसं साहित्य हलकं. भिंती दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या. उन्हाळ्यातली दुपारची उष्णता अशा भिंतीतून आत यायला रात्र होते, आणि तोवर चौक उघडा असल्याने घरातली गरम हवा वरून निघून गेलेली असते. याच जाड भिंतीत कोनाडे, फडताळं, खुंट्या बसवलेल्या असतात. घरात लाकडी सामान थोडं, कारण भिंतच सामान ठेवण्याचं काम करते.

चुन्यासाठी कळीचा चुना विरवायचा, वाळू मिसळायची आणि बैलाच्या घाण्यात मळायचा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, भिजवलेल्या उडदाचं पाणी घालायची रीत होती. हा चुना सावकाश घट्ट होतो, आणि त्याचा एक गुण गवंड्यांना ठाऊक होता : तो ओल घेतो तशी सोडतोही. पावसाळ्यात भिंत भिजली तर हिवाळ्यात ती सुकते. अशा भिंतीवर आज आपण सिमेंटचा गिलावा मारतो. भिंत वरून चकचकीत दिसते, पण आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती ओल लाकडाकडे वळते, आणि चार-सहा वर्षांनी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक हाताने चुरता येतं. वाड्याचं भलं व्हावं म्हणून केलेल्या किती खर्चाने वाड्याचा जीव घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

छपराचे दोन मोठे प्रकार, आणि ते पावसाने ठरवले आहेत. कोकणात आणि मावळपट्टीत उतरतं छप्पर. आढं, वासे, रिपा आणि त्यावर नळीची कौलं. मंगलोरी कौल फार पुढचं. बासल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ते पसरत आपल्याकडे आलं. नळीची कौलं सुटी असतात. वाऱ्याने, माकडाने, मांजराने ती सरकतात, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी सगळं छप्पर उलगडून पुन्हा लावायचं. त्याचं नाव शाकारणी. शाकारणी करताना प्रत्येक वासा डोळ्यांखालून जातो. कुठला किडलाय, कुठे ओल आहे, हे वर्षातून एकदा कळतंच. घराची तपासणी त्या कामातच शिवलेली होती.

नगर, सोलापूर, मराठवाडा या कमी पावसाच्या मुलखात माळवद. कड्यांवर किलचण, किलचणीवर मातीचा थर. मधोमध सवणं ठेवायचं, चुलीचा धूर त्यातून जातो आणि उजेडाचा कवडसा त्यातून येतो. माळवदाची माती शेतातली काळी चालत नाही, ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिथे पांढरीची माती लागते. आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची, गढ्यांची माती गावठाणात साठते, तीच पुन्हा नव्या माळवदावर चढते. आजोबांच्या पडक्या भिंतीची माती नातवाच्या डोक्यावर छप्पर होते. आपल्या पूर्वजांनी घरातलं मलबा म्हणून टाकून दिलेलं फार थोडं होतं.

पाण्याचंही तेच. घरात आड असे, हौद असे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ च्या सुमारास कात्रजहून नळ घालायला सुरुवात झाली आणि ते पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आलं. जमिनीखालच्या त्या दगडी नळाला जागोजाग उच्छ्वास ठेवलेले होते. हवा खेळती राहावी आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा, एवढ्यासाठी. सरांनी आम्हाला असा एक उच्छ्वास दाखवला होता. म्हणाले होते, बांधणाऱ्याला स्वच्छ करणाऱ्याची आठवण होती.

वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी सांगतोय ते सगळं एका जागी आठवेल. एकामागून एक उलगडत जाणारे चौक, जाड भिंती, रंगवलेली चित्रं आणि मागे नदीत उतरणारा घाट. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथून आलेली मोठी घंटा तिथे टांगलेली आहे. याच वाड्यात नानांची कागदपत्रं जपली गेली. इतिहासाचे अभ्यासक त्यांना मेणवली दप्तर म्हणून ओळखतात. पेशवाईच्या राजकारणाचा एवढा मोठा पुरावा हाती राहिला, त्यात छप्पर न गळू देणाऱ्या हातांचाही वाटा आहे.

उंबरठे

वाड्याचं वर्णन करताना आपण बहुतेक वेळा नक्षीचं करतो. उंबरठ्यांचं केलं तर वाडा अधिक खरा दिसतो.

मोठ्या दरवाज्यातली दिंडी, तिच्या आत देवडी. तिथे पहारेकरी बसे. पुढे पहिला चौक, त्याला लागून ओसरी किंवा सोपा. आलागेला, हिशेबाला आलेलं कूळ, गावचा पाटील, यांची ये-जा इथवर. त्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची अंधारी खोली. घरच्या बायकांचं सगळं आयुष्य या आतल्या चौकात जायचं. विटाळशी बाईने बसायची वेगळी जागा ठरलेली, केशवपन झालेल्या विधवेचा वावर ठरलेला. कुणी कुठल्या उंबरठ्यापर्यंत यायचं ते जातीने ठरलेलं होतं. शौचकूप साफ करणाऱ्या माणसाने पुढच्या दारी यायचं नाही, मागच्या बोळातून यायचं. त्या बोळाची रुंदीही घर बांधतानाच ठरे. वाड्याची बांधणी ज्ञानाची होती आणि अन्यायाचीही होती. दोन्ही गोष्टी एकाच सुताराच्या दोरीने आखलेल्या आहेत, आणि वाड्यावर प्रेम करणाऱ्याने त्या दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

म्हणून पुण्यातला गंजपेठेतला फुलेवाडा मला सगळ्या मोठ्या वाड्यांच्या बरोबरीचा वाटतो. तो लहान आहे, साधा आहे. ओसरी, अंगण, खोल्या, हौद, सगळं नेहमीच्या घरासारखं. १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. घराची एक वीट हलली नाही, पण घराचा अर्थ बदलला. ज्या उंबरठ्यावर शेकडो वर्षं माणसं अडवली गेली, तो एका घराने माणसांसाठी मोकळा केला. १८९० मध्ये जोतिराव गेले तेही याच घरात. महाराष्ट्रातल्या घरांचा इतिहास लिहिताना दिवाणखान्यातल्या झुंबरांना एक पान मिळालं, तर त्या हौदाला दहा मिळाली पाहिजेत.

दोन आगी

लाकडाच्या घराला आगीचं भय जन्माचं. पुण्यातल्या दोन आगी मी शेजारी शेजारी ठेवतो.

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत. पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये खर्च आला. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८२८ च्या फेब्रुवारीत आतला वाडा आगीत गेला. तट राहिले, दिल्ली दरवाजा राहिला, जोती राहिली, कारंज्यांचे हौद राहिले. जे दगडाचं होतं ते उरलं. जिथे माणसं राहत होती तो लाकडाचा सगळा संसार नाहीसा झाला आणि पुन्हा उभा राहिला नाही, कारण ते घर आता कुणाचंच नव्हतं.

दुसरी आग १८७९ ची. मे महिन्यात बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागवाड्याचा काही भागही जळाला. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतला होता. दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि रस्त्यावर डोकावणारी मेघडंबरी आजही पाहणाऱ्याला थांबवतात. पेशवाई संपल्यावर या वाड्याला नवी कामं मिळाली. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचीच परंपरा पुढे डेक्कन कॉलेजपर्यंत पोचली. म्हणून आग लागली तेव्हा हा वाडा रिकामा पडका नव्हता, शहराच्या वापरात होता. जळालेला भाग लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा बांधला गेला. पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या तिथे होत्या, टपालघर होतं.

पहिल्या वाड्याच्या वैभवाला तोड नव्हती, तरी तो गेला. दुसरा टिकला, कारण त्याचं दार रोज सकाळी कुणीतरी उघडत होतं. वापर आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या खोलीत माणूस बसतो, त्या खोलीतली गळती त्याला दिसते.

किल्लारी

निगेची एवढी बाजू घेतल्यावर तिच्या चुकीबद्दलही बोललं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. ती बहुतेक आपल्याच घरांखाली गेली. गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाचा प्रचंड भार.

तो भार एवढा कसा झाला? माळवद गळू लागलं की जुनी माती उतरवून नवी घालायची, ही मूळ रीत. ती मेहनतीची असते. मग लोक जुन्या थरावर नवा थर टाकू लागले. दरवर्षी एक थर. होता होता दीड-दोन फूट माती डोक्यावर साठली. निगा चालू होती, पण तिच्यामागचं शहाणपण सुटलं होतं.

आणि त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट सांधलेला होता आणि छप्पर त्यावर पेललेलं होतं, तिथे दगडी भिंती ढासळल्या तरी कित्येक घरांत छप्पर खणांवर उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. जुन्या सुताराचं कुसू त्या पहाटे कामाला आलं. भूकंपानंतर भीतीने लोकांनी दगड-मातीचं घर म्हणजे मरण असं धरलं. त्यांच्या दुःखापुढे कुणी वाद घालू नये. पण खण वाचवतो आणि अडाणी भार मारतो, हा धडा आपण नीट शिकलो नाही. शिकलो असतो तर मराठवाड्यात आज सुतारांकडून सांगाडे बळकट करून घेतलेली, हलकी माळवदं घातलेली घरं दिसली असती.

दुरुस्ती कुणी करायची?

शहरातले वाडे मात्र भूकंपाने पडले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मुठेच्या काठच्या पेठांतले मातीचे वाडे पाण्यात बसले, हे खरं. पण त्याआधी आणि त्यानंतर पडले ते वाडे कायद्याने आणि वाटण्यांनी पोखरलेले होते.

मी लहानाचा मोठा झालो त्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. भाडं ठरलं होतं ते स्वातंत्र्याच्या आधीच्या काळातलं. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी तो कायदा आवश्यक होता. आठांपैकी सात बिऱ्हाडांचा संसार त्या कायद्यामुळेच उभा राहिला. पण त्या भाड्यात वर्षाची शाकारणीही भागत नव्हती. मालक म्हणायचे, दुरुस्ती तुम्ही करा, राहता तुम्ही. भाडेकरू म्हणायचे, वाडा तुमचा, आम्ही का करावी? दोघांचंही बरोबर होतं. कौलं सरकली ती तशीच राहिली. एका पावसाळ्यात मागच्या खोलीची तुळई खाली आली. सुदैवाने खोलीत कुणी नव्हतं. त्या दिवशी वाड्यातल्या सगळ्यांना कळलं की वाडा गेला, जरी तो त्यानंतर अकरा वर्षं उभा होता.

त्यात वाटण्या. वडिलांच्या नावचा वाडा चार भावांचा होतो, मग अकरा चुलत भावांचा. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन खण. आपला खण कुणी दुरुस्त करील, पण सामाईक छप्पर कुणी करत नाही. २००० पासून नवा भाडेकायदा अमलात आला, पण तोवर सुतारांची मुलं दुसऱ्या कामांना लागली होती आणि जमिनीचा भाव वाड्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला होता. वाडा पडतो, त्याचे खांब जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि कुठल्यातरी हॉटेलच्या दारात शोभेला उभे राहतात. त्या खांबाला आता पेलायला काहीच नसतं.

श्रोतेहो, सगळे वाडे वाचवता येणार नाहीत. ज्यांना पडक्या खोलीत मुलंबाळं घेऊन राहावं लागतं, त्यांना इतिहासाच्या नावाने तिथे बांधून ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. पण काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पडणारा वाडा पडण्याआधी मोजा. पेन्सिल, टेप आणि चार विद्यार्थी एवढ्यावर एका वाड्याचा नकाशा होतो. त्यात उंबरठेही काढा, आणि त्यांच्यापाशी कोण थांबायचं तेही लिहा. जो वाडा राहणार आहे, त्याच्या मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. चुन्याचं काम येणारा गवंडी आणि कुसू काढणारा सुतार अजून आपल्या तालुक्यात असेल, त्याला शोधा, त्याचा रोज पुरेसा द्या आणि त्याच्या हाताखाली दोन पोरं ठेवा. नगरपालिकांनी वारसा यादीत नाव घालून थांबू नये. मालकाला आणि भाडेकरूला मिळून वर्षाच्या दुरुस्तीला पैसे मिळतील अशी तजवीज करावी. एकदाच मोठी रक्कम देऊन भिंती रंगवण्यापेक्षा दरवर्षी थोडी रक्कम देऊन पन्हळी साफ करणं वाड्याला जास्त लाभतं. आणि वाड्याला काम द्या. वाचनालय, अभ्यासिका, पाळणाघर, काहीही, पण त्याचं दार रोज उघडलं गेलं पाहिजे.

सर शेवटच्या आजारपणात अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो तेव्हा एका वाड्याच्या कामाबद्दल सांगत होतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, आणि मला उत्तर देता आलं नाही. मी वर चढून बघितलंच नव्हतं.

तुमचं घर वाड्यात असो, बंगल्यात असो की इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, मृग लागायच्या आत एकदा वर जाऊन त्याचं छप्पर बघून या. आणि पुढच्या खेपेला एखादा जुना वाडा पाहाल, तेव्हा तो किती वर्षांचा हे विचारण्याआधी, त्याचं छप्पर शेवटचं कधी शाकारलं ते विचारा.